नववी-दहावीच्या वर्गात राजकीय चर्चा कशी घ्यावी: तयारीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत

मुलांचे राजकीय मतभेद शाळा दोन प्रकारे हाताळतात आणि दोन्ही प्रकार फसताना मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत.

पहिला प्रकार म्हणजे 'शाळेत राजकारण नको' म्हणून विषयच बंद करायचा. तो बंद होत नाही. मधल्या सुट्टीत निघतो, बाकांवर करकटकाने पक्षांची चिन्हं कोरली जातात आणि भांडण पाण्याच्या टाकीपाशी जुंपतं, जिथे शहाणं माणूस कुणी नसतं. दुसरा प्रकार म्हणजे वादविवाद स्पर्धा. अनुकूल, प्रतिकूल, तीन परीक्षक, एक ढाल. घरून लिहून आणलेली, पाठ केलेली भाषणं होतात, टाळ्या पडतात. समोरच्याचं ऐकायचं कुणाला काही कारणच नसतं, कारण गुण बोलण्याला असतात.

इथे तिसरी रीत सांगते आहे. नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या तासाला, सगळ्या मुलांना धरून घ्यायची चर्चा. ही रीत जिथे बिघडते तिथे बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. शिक्षक उत्साहाने थेट पाचव्या टप्प्याला हात घालतात आणि आधीचे चार टप्पे भांडण झाल्यावर आठवतात.

## टप्पा १: आधी कागद, मग वर्ग

मुख्याध्यापकांना आधी सांगा. जाता-जाता नाही, बसून सांगा. विषय कोणता, कोणत्या धड्याशी जोडलेला, कोणत्या तारखेला, किती तास. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरची आव्हानं असे धडेच आहेत, त्यामुळे जोड शोधायला लांब जावं लागत नाही. टाचण वहीत तशी नोंद करा आणि सही घ्या. उद्या कुणी पालक शाळेत आले तर 'बाईंनी मनाने काहीतरी घेतलं' आणि 'हा नियोजनातला पाठ आहे' या दोन उत्तरांत फार अंतर असतं.

तारीख ठरवताना निवडणुकांचं वेळापत्रक बघा. आचारसंहिता लागलेली असताना ही चर्चा घेऊ नका. त्या दिवसांत आपल्यातले निम्मे निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असतात, शाळाच मतदान केंद्र होणार असते आणि साधं वाक्यही प्रचारासारखं ऐकू येतं. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना वर्तणूक नियमांनुसार पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. वर्गात प्रश्नावर बोलणं आणि पक्षासाठी बोलणं यातला फरक तुम्हाला ठाऊक असेल, पण तो बाहेरच्यालाही दिसला पाहिजे.

पालकांना वहीतून चार ओळी कळवा: विषय, उद्देश, आणि 'कोणत्याही पक्षाची बाजू घेतली जाणार नाही' हे वाक्य.

थांबा आणि तपासा: टाचण वहीत नोंद आहे का? मुख्याध्यापकांची सही आहे का? दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा २: विषय तीन चाळण्यांतून गाळा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली चाळणी: हा विषय खरोखर वादाचा आहे का? जर्मनीत बॉयटेल्सबाख या गावी १९७६ मध्ये शिक्षणतज्ज्ञांच्या बैठकीतून तीन तत्त्वं पुढे आली. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादू नये. समाजात आणि अभ्यासकांत जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडावं. मुलाला स्वतःचं हित ओळखून राजकीय परिस्थितीचा विचार करता यावा. दुसऱ्या तत्त्वाची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: जे मिटलं आहे ते उगाच वादाला काढू नये. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने नष्ट केली. 'पाळावी की पाळू नये' हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. 'मुलींना शिकवावं का' हाही नाही. समतोल दाखवण्याच्या नादात असे विषय 'दोन्ही बाजू ऐकू या' म्हणून घेतले जातात आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना आपल्या माणूसपणावर भाषणं ऐकावी लागतात.

दुसरी चाळणी: वर्गातलं कुणी मूल स्वतःच विषय होतंय का? ही चूक मी केली आहे. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी नववीत 'आरक्षण असावं का' हा विषय घेतला आणि सुरुवातीलाच हात वर करायला सांगितले. आदल्या आठवड्यात मीच वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतले होते, जातीचे दाखले गोळा केले होते. कोण कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. ती एरवी प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची. पुढचे कित्येक दिवस तिने माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. मी तिला बोलायचं स्वातंत्र्य द्यायला निघाले होते आणि होतं तेही काढून घेतलं.

याचा अर्थ असा विषय कायमचा टाळायचा असं नाही. पण तो पहिला नसावा, दुसराही नसावा. वर्गाला एकमेकांचं ऐकायची सवय लागल्यावर, वर्षाच्या शेवटी, भरपूर माहिती देऊन आणि हात वर न करता घ्यावा.

तिसरी चाळणी: पक्षाचं आणि नेत्याचं नाव न घेता यावर तासभर बोलता येईल का? येत नसेल तर तो मुद्दा नाही, निष्ठा आहे. निष्ठेवर चर्चा होत नाही, घोषणा होतात.

या तिन्ही चाळण्यांतून सहज उतरणारा एक विषय देते. ग्रामीण भागात तो हमखास रंगतो: *सरपंच थेट जनतेने निवडावा की निवडून आलेल्या सदस्यांनी?* महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. म्हणजे राज्यकर्त्यांचंही यावर एकमत नाही, वाद खरा आहे. कुणाची जात-धर्म मध्ये येत नाही. आणि मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेलेलं त्यांना माहीत असतं. सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्या पॅनेलचं आणि गटाराचं काम वर्षभर अडलेलं, हेही माहीत असतं.

दुसरा चांगला विषय दारूबंदीच्या मतदानाचा. उभी बाटली की आडवी बाटली, हे मतदान गावातल्या महिला करतात आणि दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण यादीपैकी. ही अट योग्य की जाचक? दुकान चालवणाऱ्याचं मूल वर्गात असेल तर मात्र दुसरी चाळणी आठवा आणि हा विषय ठेवून द्या.

## टप्पा ३: एक पान, दोन्हीकडून

प्रत्येक मुलाच्या हातात एकच पान द्या. वरच्या भागात निर्विवाद माहिती, खाली डावीकडे एका बाजूचे तीन मुद्दे, उजवीकडे दुसऱ्या बाजूचे तीन. सरपंचाच्या विषयासाठी डावीकडे: लोकांचा थेट कौल मिळतो, सदस्यांची पळवापळवी थांबते, सरपंचाला सदस्यांच्या रोजच्या दबावाखाली राहावं लागत नाही. उजवीकडे: सरपंच आणि बहुमत वेगळ्या बाजूचे असले तर कामं अडतात, खर्च वाढतो, अविश्वास ठराव नुसत्या सदस्यांच्या जोरावर पुरा होत नाही, ग्रामसभेपुढेही जावं लागतं.

थांबा आणि तपासा: पान एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, 'माझं मत कोणतं असेल?' त्यांनी अचूक ओळखलं तर पान पुन्हा लिहा.

## टप्पा ४: नियम मुलांकडून काढून घ्या

चर्चेच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं द्या. 'तुम्ही बोलत असताना समोरच्याने काय केलं की तुम्हाला बोलावंसं वाटत नाही?' एवढाच प्रश्न फळ्यावर लिहा. हसतात, मध्येच तोडतात, 'तुला काय कळतंय' म्हणतात, घरच्यांवर जातात. सगळं येतं. त्यातूनच नियम करा आणि कार्डशीटवर मुलांच्या अक्षरात लिहून लावा. माझ्या वर्गात शेवटी साधारण हेच चार उरतात:

१. मताला बोलायचं, माणसाला नाही. आई-वडील, जात, आडनाव, गल्ली काढायची नाही.
२. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगून मगच त्याला उत्तर द्यायचं.
३. 'पास' म्हणता येतं. कारण सांगावं लागत नाही.
४. वर्गात कोण काय बोललं ते नावानिशी बाहेर न्यायचं नाही.

तिसऱ्या नियमावर शिक्षकच नाराज होतात. 'मग अर्धा वर्ग पासच म्हणेल' असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. पहिल्या वेळी सात-आठ जण म्हणतात, तिसऱ्या वेळी एखाद-दुसरा. आणि गप्प राहण्याचा हक्क ही मुलांना दिलेली सवलत नव्हे. केरळात १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. कलम १९(१)(क) मधल्या भाषणस्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं, हे त्या निकालातून शाळांनी शिकायला हवं होतं. आपल्याकडे अजूनही 'बोल ना, तोंड शिवलंय का' हे प्रोत्साहन समजलं जातं.

सावधान: चौथ्या नियमाबरोबर मोबाईलचंही ठरवा. तासाला एकही मोबाईल बाहेर दिसता कामा नये, तुमचाही नाही. वीस सेकंदांची क्लिप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की पोराचं अर्धं वाक्यच त्याचं मत होऊन बसतं. कौतुकाने काढलेल्या फोटोलाही नाहीच म्हणा.

## टप्पा ५: प्रत्यक्ष तास

जोडतास मागून घ्या. पस्तीस-चाळीस मिनिटांत हे बसत नाही, आणि घंटा वाजली म्हणून अर्ध्यावर तोडलेली चर्चा पाण्याच्या टाकीपाशी पुरी होते.

पहिली ५ मिनिटं: लिहिणं. कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपलं मत आणि एक कारण वहीत लिहायचं. ही पायरी गाळली तर पहिले बोलणारे चौघे सगळ्या वर्गाचं मत ठरवून टाकतात.

पुढची १५ मिनिटं: जोडी. शक्यतो वेगळं मत असलेल्यांची जोडी लावा, पण जिवलग मित्र आणि ज्यांचं हाडवैर आहे ते, दोन्ही टाळा. पहिल्याने दोन मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने 'तुझं म्हणणं असं की…' म्हणून ते परत सांगायचं. पहिला 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग उलट.

हे दिसतं तेवढं सोपं नाही. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका जोडीत एकाची मावशी सरपंच होती, दुसऱ्याचे वडील विरोधी पॅनेलचे सदस्य. मी शेजारच्या बाकापाशी उभी होते.

'तुझं म्हणणं असं की सदस्यांना काही कळत नाही.'

'असं कुठं म्हटलं मी?'

'मग, की सदस्य पैसे खातात.'

'नाही रे. मी म्हटलं, सदस्यांनी निवडलं तर सरपंचाला त्यांचं ऐकावंच लागतं, गावाचं नाही ऐकता येत.'

'म्हणजे… सरपंच वाईट नसला तरी अडकतो, असं?'

'हां. आता बरोबर.'

दोघांची मतं तास संपेपर्यंत तीच राहिली. पण पहिल्या दोन वाक्यांवर भांडण झालं असतं, आणि ती दोन्ही वाक्यं पहिल्याने उच्चारलेलीच नव्हती. मुलांच्या आणि मोठ्यांच्याही राजकीय भांडणात बहुतेक वेळा हेच होतं. म्हणून या पायरीला घाई करू नका. वेळ कमी पडला तर पुढची पायरी आखडा, ही नको.

मग १५ मिनिटं: चौघांचे गट, बाजू बदलून. जे थेट निवडीच्या बाजूचे, त्यांनी सदस्यांमार्फत निवडीचा सगळ्यात भक्कम मुद्दा शोधायचा. तो मुद्दा मूळ बाजूवाल्यांनी ऐकून 'आम्हीही असाच मांडला असता' म्हटलं पाहिजे. मुलं पहिल्यांदा मुद्दाम लंगडा मुद्दा आणतात. परत पाठवा.

सावधान: बाजू बदलायला लावणं श्रद्धेच्या किंवा ओळखीच्या विषयात करू नका. सरपंच निवडीत ते चालतं. स्वतःच्या धर्माविरुद्ध मुद्दा मांडायला कुणाही मुलाला लावायचं नाही.

उरलेला वेळ: सगळा वर्ग. फळ्याचे तीन भाग करा: 'माहिती', 'मत', 'तपासायचं आहे'. कुणी म्हणालं, 'अमुक गावात सरपंचाने निधी परत घालवला', तर विचारा, 'कुठून कळलं?' मोबाईलवर आलं असेल तर तिसऱ्या रकान्यात. त्याला खोटं पाडू नका, हसू नका. तिसरा रकाना हाच पुढच्या आठवड्याचा गृहपाठ असतो. एकदा बोललेल्याने पाच जण बोलल्याशिवाय पुन्हा हात वर करायचा नाही. आणि मुलींकडे बघा. गटात बोललेल्या मुली पूर्ण वर्गात गप्प झाल्या असतील तर गटाचं म्हणणं सांगायचं काम त्यांच्याकडे द्या.

शेवटी मतदान घेऊ नका. फार मोह होतो, मुलंही मागतात. पण 'बत्तीस विरुद्ध अठरा' असा आकडा फळ्यावर आला की तो जोडतास पुन्हा ढालीची स्पर्धा होतो, आणि अठरा जण हरलेले म्हणून घरी जातात.

### 'बाई, तुमचं मत काय?'

हा प्रश्न येणारच. 'मला मतच नाही' असं खोटं सांगू नका, मुलांना कळतं. मी म्हणते, 'मला मत आहे. पण तुमचे अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, म्हणून ते या वर्गात सांगणार नाही. शाळा सोडल्यावर भेटा, तेव्हा बोलू.' मुलांना हे पटतं.

तोंडाने न सांगता मत कळतं, ते जास्त सांभाळायला लागतं. आपल्याला पटलेल्या मुद्द्यावर आपण मान डोलावतो, 'छान' म्हणतो, तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. न पटलेल्यावर 'बरं, अजून कुणी?' एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा आणि तुम्ही कोणाला 'छान' म्हणालात एवढंच मोजायला सांगा. पहिल्यांदा तो कागद पाहिल्यावर मला वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना फक्त 'ऐकलं' म्हणते.

## टप्पा ६: भडका उडाला तर

आवाज चढणं म्हणजे भडका नव्हे. मतभेद जोरात बोलला गेला तर बोलू द्या, घाबरू नका. थांबवायचं ते तीन गोष्टींना: माणसाचा अपमान, जातीवरून किंवा धर्मावरून शिवी, आणि मारायची भाषा. मुलांना सांगताना संविधानाचाच आधार घ्या. कलम १९(२) प्रमाणे बदनामी, सभ्यता, सार्वजनिक सुव्यवस्था, अपराधाला चिथावणी अशा ठरावीक कारणांसाठीच भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. 'मला आवडलं नाही' हे कारण त्या यादीत नाही.

अपमान झाला तर ओळीने एवढं करा. हात वर करून सगळ्यांना थांबवा. बोलणाऱ्याला म्हणा, 'हेच मत माणसाला सोडून पुन्हा सांग.' बहुतेकांना जमतं. नाही जमलं तर त्याचं बोलणं आजपुरतं थांबवा, मत मात्र फळ्यावर लिहून घ्या. त्याला शिस्त लावायची आहे ती वागण्याबद्दल, मताबद्दल नाही, आणि वर्गाला तो फरक तिथल्या तिथे दिसला पाहिजे. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. जबरदस्तीची माफी गेटबाहेर वसूल होते. तास संपल्यावर आधी ज्याला लागलं त्याच्याशी एकट्याने बोला, मग बोलणाऱ्याशी.

जातीवरून किंवा धर्मावरून शिवी आली तर चर्चा तिथेच बंद करा. 'थोडंसं चालतं' असं इथे काही नसतं. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवा.

## टप्पा ७: चिठ्ठी, आणि नंतरचा आठवडा

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या: समोरच्या बाजूचा कोणता मुद्दा मला उत्तर देता आला नाही, आणि आज मला काही बोलायचं राहिलं का. या चिठ्ठ्यांना गुण नाहीत. अक्षर ओळखायचा प्रयत्नही करू नका, मुलांना तुमच्या नजरेवरून कळतं.

मागच्या खेपेला एका चिठ्ठीवर होतं: 'घरी मी हे बोललो तर मार बसेल.' अशा चिठ्ठीवर वर्गात चर्चा होत नाही. पण त्या वर्गासाठी 'पास' चा नियम किती महत्त्वाचा आहे ते कळतं, आणि घरी वही दाखवायला लावणारा गृहपाठ देऊ नये हेही.

पालकांचा फोन आला तर बचावाला लागू नका. 'या, वर्गात दिलेलं पान दाखवते' म्हणा. दोन्ही रकाने शेजारी शेजारी पाहिले की निम्मी तक्रार तिथेच ओसरते. उरलेल्यांना पुढच्या चर्चेला मागच्या बाकावर बसून ऐकायचं आमंत्रण द्या, एकच अट घालून: बोलायचं नाही. मात्र कुणाच्या मुलाने काय मत मांडलं हे कुणालाही सांगू नका. त्याच्या स्वतःच्या वडिलांनाही नाही. चौथा नियम आपल्यालाही लागू आहे.

'तपासायचं आहे' हा रकाना वहीत उतरवून घ्या, तीन मुलांवर तो सोपवा आणि आठवड्याने त्यांना पाच मिनिटं द्या. माहिती चुकीची निघाली तर ती कुणी आणली होती ते विचारायचं नाही.

पुढची चर्चा तीन-चार आठवड्यांनी घ्या, विषय चिठ्ठ्यांतून निवडा आणि पुन्हा टप्पा एकपासून सुरुवात करा. कार्डशीटवरचे नियम बदलायचे का, हे त्या वेळी मुलांना विचारा. आमच्या वर्गाने पाचवा घातला आहे, वेड्यावाकड्या अक्षरात: 'मत बदललं तर चिडवायचं नाही.'